शंखाने दिलेला चकवा : गोगलगायींच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५८ साली प्राण्यांची मांडणी केली, तेव्हा शंखवाली गोगलगाय आणि बिनशंखाची गोगलगाय, म्हणजे स्लग, यांची ताटातूट झाली. शंखवाली 'टेस्टेशिया' या गटात शिंपल्यांशेजारी गेली. स्लग 'मोलस्का'त, जिथे त्या वेळी जेलीफिश आणि तारामासेही होते. शंख आहे की नाही, एवढ्यावर निकाल लागला होता.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिएने शंख बाजूला ठेवून आतली शरीररचना पाहिली आणि १७९५ च्या सुमारास दोघींना 'गॅस्ट्रोपोडा'त, म्हणजे उदरपादांत, एकत्र आणले. हवेत श्वास घेणाऱ्यांसाठी त्यानेच पुढे 'पल्मोनाटा' हा गट केला. १९०० मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ हेन्री पिल्सब्रीने मूत्रवाहिनीच्या मांडणीवरून उपगट पाडले. वाचायला रुक्ष, पण ही विभागणी बरीच वर्षे टिकली.

जनुकीय अभ्यास आल्यावर मात्र 'पल्मोनाटा'च डळमळला. काही समुद्री स्लग त्याच्या शाखांमध्येच मिसळलेले निघाले. २००५ च्या बुशे आणि रोक्रुआ यांच्या वर्गीकरणात तो केवळ अनौपचारिक गट उरला.

जमिनीवर येणेही एकदाच घडलेले नाही. शंखाचे तोंड झाकणाने बंद करणाऱ्या सायक्लोफोरिडी कुलातल्या गोगलगायी बागेतल्या नेहमीच्या गोगलगायींपेक्षा गोड्या पाण्यातल्या ॲपल स्नेलला जवळच्या आहेत. जमिनीवरच्याच हेलिसिनिडी कुलाचे नाते तर मुख्यतः पाण्यात राहणाऱ्या नेराइट गोगलगायींशी. कॅनडातील नोव्हा स्कोशियात जॉगिन्स येथे १८५२ मध्ये लायेल आणि डॉसन या भूवैज्ञानिकांना झाडाच्या पोकळ बुंध्यात 'डेंड्रोप्युपा' या गोगलगायीचा जीवाश्म सापडला. तो ३० कोटी वर्षांहून जुना. पण हाती फक्त शंख, त्यामुळे तो नेमक्या कोणत्या शाखेतला, यावर वाद आहेच.

स्लग हाही कुळाचा शिक्का नव्हे, शरीराची एक ठेवण आहे आणि ती वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे आली. शंख बांधायला कॅल्शियम लागते; तो नसला की चिंचोळ्या फटीत शिरता येते. बदल्यात कोरडेपणाची भीती वाढते. 'टेस्टासेला' हा स्लग शेपटीकडे नखाएवढा शंख अजून वागवतो, 'लायमॅक्स'च्या पाठीत एक पातळ चकती दडलेली असते, 'एरियन'मध्ये चुन्याचे कणच उरलेत. व्हेरोनिसेलिडी कुलातल्या स्लगांत यातले काहीच नाही. त्यांचे जवळचे नातलग समुद्रकिनाऱ्यावरचे ऑन्किडिड स्लग आहेत, बागेतले नव्हेत.