शिष्यवृत्ती चालू असताना स्वाधार योजनेचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि रकमेचा हिशेब

शासकीय वसतिगृहाला नंबर लागला नाही म्हणून मिळालेला प्रवेश सोडून गावी परतणारी मुले आजही दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांना आपण दुसऱ्या योजनेस पात्र आहोत हेच ठाऊक नसते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध प्रवर्गातील अशा विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने 2016-17 या शैक्षणिक वर्षापासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. भोजन, निवास आणि निर्वाह यांचा खर्च तिच्यातून थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, तर इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. त्यांचे नियम स्वतंत्रपणे पाहावेत. येथे स्वाधारपुरतीच माहिती दिली आहे.

स्वाधारसाठी विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी असावा, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे आणि आधीच्या परीक्षेत, म्हणजे अभ्यासक्रमानुसार दहावी, बारावी किंवा पदवीला, किमान 50 टक्के गुण असावेत; दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ही अट 40 टक्के आहे. महाविद्यालय ज्या शहरात आहे तेथील विद्यार्थी स्थानिक रहिवासी नसावा, आणि त्याने कोणत्याही शासकीय वसतिगृहात प्रवेश घेतलेला नसावा. शेवटच्या दोन अटींवर अर्ज सर्वाधिक अडतात, कारण त्या दाखल्याने नव्हे तर शपथपत्राने सिद्ध करायच्या असतात आणि शपथपत्र घाईत, कोणाच्या तरी नमुन्यावरून उतरवून दिले जाते. त्यातील गावाचा पत्ता आधार कार्डाशी आणि शहरातील पत्ता भाडेकराराशी अक्षरशः जुळला पाहिजे.

रक्कम शहरानुसार बदलते. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथे शिकणाऱ्यास भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000, असे वर्षाला 60,000 रुपये मंजूर होतात. इतर महसूल विभागीय शहरांत आणि क वर्ग महानगरपालिकांच्या क्षेत्रात ही रक्कम 51,000, तर उर्वरित जिल्ह्यांच्या ठिकाणी 43,000 रुपये आहे. वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांना शैक्षणिक साहित्यासाठी 5,000 आणि अन्य शाखांना 2,000 रुपये त्याव्यतिरिक्त मिळतात.

आता ज्या प्रश्नाने पालक सर्वाधिक घाबरतात त्याकडे वळू : भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती चालू असताना स्वाधारचा अर्ज केला, तर शिष्यवृत्ती बंद होईल का? तसे होत नाही. शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क भागते आणि स्वाधारमधून राहण्या-जेवणाचा खर्च, त्यामुळे दोन्ही एकत्र घेता येतात. मात्र शिष्यवृत्तीत मिळणारा निर्वाह भत्ता स्वाधारच्या रकमेतून वजा केला जातो. उदाहरणार्थ, पुण्यात अभियांत्रिकीच्या पदवीला असलेल्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीतून वर्षाला 7,000 रुपये भत्ता मिळाला असेल, तर स्वाधारचे 53,000 रुपये येतात आणि दोन्ही मिळून 60,000 होतात. खोलीचे भाडे ठरवताना हा हिशेब आधीच धरावा. दोन्ही रकमा पूर्ण मिळतील असे गृहीत धरून महागडी खोली घेणारे विद्यार्थी वर्षाच्या मध्यावर अडचणीत येतात, आणि ही अडचण टाळता येण्यासारखी असते.

विधवा आईला संजय गांधी निराधार अनुदान मिळत असेल, तर मुलगा महाविद्यालयात शिकतो एवढ्या कारणाने ते थांबत नाही. मुलाच्या वयाची 25 वर्षे किंवा त्याची नोकरी, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत ते चालू राहू शकते. परंतु त्या योजनेची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वार्षिक 21,000 रुपये आहे. म्हणून मुलाच्या अर्जासाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यात आणि आईच्या कागदपत्रांत एकाच कुटुंबाचे दोन वेगळे आकडे येऊ देऊ नयेत. खरे उत्पन्न असेल तेच दोन्हीकडे लिहावे.

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याची छाननी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयात होते. जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा नोकरदार पालकाचा फॉर्म 16, रहिवासाचा पुरावा, गुणपत्रके, महाविद्यालयाचे बोनाफाईड, आधार कार्ड, बँक पासबुक, भाडेकरार, वर सांगितलेली शपथपत्रे आणि लागू असल्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र एवढी कागदपत्रे तयार ठेवावीत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी निकालाची वाट पाहू नये, कारण जून-जुलैमध्ये सेतू केंद्रांवर एकाच वेळी गर्दी होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार हा दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणे हा अर्जदाराचा हक्क आहे. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला, तर 30 दिवसांत प्रथम अपील करता येते. अर्जाची पोचपावती त्यासाठीच जपून ठेवायची असते.

बँक खात्याकडे शेवटी लक्ष दिले जाते आणि मंजूर रक्कम बहुतेक वेळा तेथेच अडकते. खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे. दोन-तीन खाती असतील, तर त्यांपैकी कोणत्या खात्याशी आधार शेवटचे जोडले गेले आहे याची खात्री शाखेत जाऊन करून घ्यावी, कारण रक्कम त्याच खात्यात जाते. केवायसी अपुरे ठेवून उघडलेल्या छोट्या खात्यात एका वेळी 50,000 रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, त्यामुळे तसे खाते आधीच पूर्ण केवायसीचे करून घेणे आवश्यक आहे.

मंजुरीनंतर महाविद्यालयातील किमान 75 टक्के उपस्थितीची अट सांभाळावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र कार्यालयात सादर करावे लागते. पुढील वर्षी अर्जाचे नूतनीकरण करताना नवे गुणपत्रक, त्या वर्षाचे बोनाफाईड आणि खोली बदलली असल्यास नवा भाडेकरार जोडावा. अर्ज त्रुटीसाठी परत आला तर तो फेटाळला गेला असे समजू नये; त्रुटी दुरुस्त करून दिलेल्या मुदतीत तोच अर्ज पुन्हा सादर करता येतो.