यंत्र राबेल, माणूस मोकळा होईल: या स्वप्नाची पार्श्वभूमी

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोबो सगळी कामं करतील, पोटासाठी कुणाला राबावं लागणार नाही, असं भाकीत हल्ली सारखं कानावर येतं. ऐकायला ते नवं वाटतं. खरं तर ही कल्पना दोन हजार वर्षांहून जुनी आहे. यंत्रामुळे वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडणार, हा प्रश्नही तेव्हापासूनच तिच्या पाठीशी लागलेला आहे.

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने लिहिलं की धोटा (मागावर आडवा धागा नेणारं साधन) आपोआप विणू लागला आणि वाद्य आपोआप वाजू लागलं, तर धन्याला गुलामांची गरज उरणार नाही. स्वयंचलनाचं पहिलं भाकीत म्हणून हे वाक्य आज कौतुकाने सांगितलं जातं. पण ते आलंय गुलामगिरीच्या समर्थनाच्या ओघात: धोटा आपोआप चालत नाही, म्हणून गुलाम हवेतच. पुढे १५१६ मध्ये इंग्रज लेखक थॉमस मोरने 'युटोपिया' या पुस्तकातल्या आपल्या आदर्श बेटावर दिवसाला फक्त सहा तासांचं काम ठेवलं. सगळेच काम करतात, ऐतखाऊ कुणी नाही, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं, हा त्याचा हिशेब. तो मला आजही पटतो. मात्र जनावरं कापायचं आणि भोजनगृहातलं घाणीचं काम त्याच बेटावर गुलामांकडे सोपवलेलं आहे. नको असलेलं काम कुणाच्या तरी गळ्यात घालायचं, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

यंत्रांच्या जोरावर स्वर्ग उभारायचा पहिला तपशीलवार आराखडा दिला तो जॉन अडॉल्फस एट्झलरने. मूळचा जर्मन असलेला हा माणूस अमेरिकेत आला आणि १८३३ मध्ये पिट्सबर्गहून त्याचं पुस्तक निघालं. वारा, भरती-ओहोटी, लाटा आणि सूर्याची उष्णता यांवर यंत्रं चालवली, तर दहा वर्षांत कष्टांशिवाय सगळ्यांना पुरेल इतकं पिकेल, असा त्याचा दावा होता. ऊर्जेबद्दलची त्याची दृष्टी काळाच्या फार पुढे होती. माणसांबद्दल मात्र तो बेफिकीर होता. १८४०च्या दशकात इंग्लंडमधल्या कामगारांनी त्याच्या भरवशावर पदरचे पैसे घालून वसाहतीची योजना आखली आणि काही जण व्हेनेझुएलाला रवाना झाले. तिथे यंत्रांचा पत्ता नव्हता, आजारपण मात्र होतं. त्यातले कित्येक तिथेच दगावले. याच इंग्लंडमध्ये १८११ पासून रोजगार जाण्याच्या भीतीने लडाइट म्हणवणाऱ्या कापड कामगारांनी यंत्रं फोडली होती आणि १८१२ मध्ये सरकारने यंत्र फोडणाऱ्याला फाशीची तरतूद केली होती. यंत्राने सुटका होईल म्हणून समुद्र ओलांडणारे आणि यंत्राने भाकरी जाईल म्हणून हातोडा उचलणारे, दोघेही कामगारच होते.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३० मध्ये लिहिलं की शंभर वर्षांत, म्हणजे आपल्या नातवंडांच्या काळात, आठवड्याला १५ तासांचं काम पुरेल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या बॅटल क्रीक इथल्या केलॉगच्या कारखान्यात आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या सुरू झाल्या आणि ताशी मजुरीही वाढवली गेली. तिथल्या काही खात्यांत ही पद्धत १९८५ पर्यंत टिकली. म्हणजे वाचलेला वेळ वाटून घेणं अशक्य नव्हतं.

मुंबईच्या कापड गिरण्यांत मात्र हिशेब उलटा लागला. विणकर तेव्हा साधारणपणे दोन माग सांभाळायचा. तार तुटली की थांबून सांधायची, कांडी संपली की धोट्यात नवी घालायची, आणि तेवढ्यात दुसऱ्या मागावर नजर. १९२०च्या दशकाच्या अखेरीस काही गिरण्यांनी 'कार्यक्षमता' म्हणून एका विणकराकडे तीन माग दिले आणि सूतकताईतही एकाच माणसाकडे जास्त चात्या (सूत गुंडाळणारे फिरते दांडे) सोपवल्या. वेग वाढला, पण मोकळीक कुणालाच मिळाली नाही: जो राहिला त्याची धावपळ वाढली, जो जास्तीचा ठरला तो घरी गेला. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. यंत्रांविरुद्धचा संप म्हणून त्याची बोळवण करणं अन्यायाचं आहे. वाढलेल्या कामाचा आणि जाणाऱ्या रोजगाराचा जाब ते मागत होते.

त्याच संपात आणखी एक गोष्ट उघड्यावर आली. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागे. ज्या धोट्याला अस्पृश्य मानलेल्या माणसाचं तोंड लागलं तो आपण कसा वापरायचा, या विटाळाच्या सबबीवर दलित कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे गिरणीतल्या जास्त पगाराच्या कामावर, घेतच नसत. हे खातं आमच्या लोकांना खुलं करा, ही मागणी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर लावून धरली. यंत्र आलं म्हणून जात गेली नव्हती. ती मागाशेजारी येऊन उभी राहिली होती.

म्हणूनच त्यांची पुढची भूमिका मला विलक्षण वाटते. हे सगळं पाहिलेल्या माणसाने यंत्राकडे पाठ फिरवली असती तर नवल नव्हतं. गांधीजींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका केली होती. नंतर त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला आणि आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या हव्यासाला आहे, असं स्पष्ट केलं. आंबेडकरांनी १९४५ मध्ये बरोबर उलट बाजूने मांडणी केली. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवायचं, त्याला फुरसत आणि संस्कृती द्यायची, तर यंत्रं हवीत आणि आणखी हवीत. यंत्रांच्या नावावर खपवले जाणारे दोष खाजगी मालकी आणि नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचे आहेत. फुरसत ही काही मूठभरांची मिरास नव्हे, हे इतक्या थेटपणे फार थोड्यांनी सांगितलं. अ‍ॅरिस्टॉटलला आणि मोरला गुलाम वगळून स्वप्न पाहता आलं नाही. आंबेडकरांचं स्वप्न सुरूच होतं ते त्या गुलामापासून.

आपल्याकडे मिळालेली फुरसत लढून मिळालेली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली. पुढे १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ घातले तेव्हा कर्मचाऱ्यांनी विरोध केला आणि अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने स्वयंचलनाच्या प्रश्नावर अहवाल दिला. नंतर बँकांमध्ये संगणक आले आणि तो वाद मागे पडला. केन्सची मुदत २०३० मध्ये संपते आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. कामगाराची संमती आणि जादा मोबदला या अटी त्यात आहेत. पण नोकरी जाण्याची भीती असलेला माणूस संमती कशी नाकारणार?

यंत्र आधी कुठे यायला हवं, याचं उत्तर शोधत बसायची गरज नाही. केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी गटारं साफ करणारा 'बँडिकूट' हा रोबो बनवला. २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला आणि मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगारांनाच तो चालवायला शिकवलं गेलं. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. तरीही आपल्या शहरांत गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतात, आणि त्यातले बहुतेक त्याच, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले असतात.