हिट व्यायाम : सुरुवात करणाऱ्यांसाठी

हिट व्यायाम (हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग) : थोडा वेळ जोर, मग मोजून विश्रांती, पुन्हा जोर, अशा फेऱ्यांनी करायचा व्यायामप्रकार. जोराचा टप्पा काही सेकंदांपासून चार मिनिटांपर्यंत असतो. धावणे, सायकल, पोहणे, चढ चढणे, काहीही चालते. वॉर्म-अप धरून सगळे अर्ध्या-पाऊण तासात आटोपते, म्हणून नोकरदारांत तो झपाट्याने पसरला. नवख्यांची गडबड बहुधा विश्रांतीच्या हिशेबात होते.

पद्धत धावपटूंची. जर्मनीत १९३०च्या दशकात प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर यांनी ती शिस्तीत बसवली; त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या फेऱ्यांमागून फेऱ्या मारायचा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,०००, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णपदके घेतली. कविता राऊत यांच्यासारखी आंतरराष्ट्रीय धावपटू घडलेल्या नाशिकमध्येही ट्रॅकवरचे इंटरव्हल नवे नाहीत. जिममधले त्याचे रूप मात्र अलीकडचे, आणि त्यावर ‘टबाटा’ या नावाचा शिक्का. जपानी संशोधक इझुमी टबाटा यांच्या १९९६च्या अभ्यासात सायकलवर २० सेकंद जोर, १० सेकंद थांबा अशा सात-आठ फेऱ्या होत्या, पण तो जोर इतका की शेवटी माणूस गळून जावा. मोबाइलच्या टायमरवर त्याच वेळेत मारलेल्या उठाबशा म्हणजे तो प्रयोग नव्हे. नवख्याने तिकडे वळूच नये.

शरीरात काय घडते : पहिल्या काही सेकंदांची ताकद स्नायूंतल्या क्रिएटिन फॉस्फेट या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाच्या साठ्यातून येते. तो साठा निम्मा भरायला साधारण अर्धा मिनिट लागते, जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे. विश्रांती कापली की पुढच्या फेरीत वेग पडतो. घाम तेवढाच येतो, व्यायाम मात्र मध्यम होऊन बसतो. नियमित केल्यास हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, स्नायूंमध्ये मायटोकाँड्रिया (पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे) वाढतात आणि दम सुधारतो. ‘नंतर दिवसभर चरबी जळत राहते’ ही जाहिरात मात्र फुगवलेली आहे. तो जादा खर्च मिसळीबरोबरच्या एका पावाइतकाही भरत नाही.

जोर कसा मोजावा : २०८ मधून वयाची ०.७ पट वजा केली की कमाल नाडीचा अंदाज येतो. चाळिशीत ती १८०. लांब टप्प्यांत नाडी तिच्या ८५ ते ९५ टक्क्यांवर, म्हणजे १५३ ते १७१ च्या दरम्यान जावी. सूत्रात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. अर्ध्या मिनिटाच्या टप्प्यात तर मनगटावरच्या घड्याळावर विसंबूच नये. नाडी चढते तोवर टप्पा संपलेला असतो. तिथे दम हीच खूण. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नसेल तर जोर बरोबर, पूर्ण वाक्य येत असेल तर कमी.

सुरुवात : आधी चार ते सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास झपझप चालता आले पाहिजे. स्नायुबंध आणि सांधे हृदयापेक्षा हळू तयार होतात, म्हणून ही अट. मग आठवड्यातून एकदा, जमल्यास दोनदा : दहा मिनिटे वॉर्म-अप, त्यात शेवटी १५ सेकंदांचे दोन-तीन हलके वेग, मग ३० सेकंद जोर आणि ९० सेकंद सावकाश चालणे, अशा सहा फेऱ्या, शेवटी पाच मिनिटे चालणे. दहापैकी सातइतकाच जोर लावावा. पहिल्या फेरीत ३० सेकंदांत कुठल्या झाडापर्यंत किंवा खांबापर्यंत पोहोचलो ते पाहून ठेवावे. सहाव्या फेरीत त्याच्या बरेच अलीकडे थांबावे लागले, तर पहिली फेरी फार जोरात गेली.

तिसऱ्या आठवड्यापासून आठ फेऱ्या, पाचव्यापासून एक मिनिट जोर, दीड ते दोन मिनिटे विश्रांती. टप्पा लांबवला की फेऱ्या आधी कमी कराव्यात. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. दोन-तीन महिन्यांनी नॉर्वेतला ‘चार गुणिले चार’ प्रकार घेता येतो : चार मिनिटे जोर, तीन मिनिटे संथ हालचाल, चार वेळा. दोन हिट दिवसांत किमान ४८ तासांचे अंतर हवे. वजन जास्त असेल किंवा गुडघे दुखत असतील तर धावण्याऐवजी चढावर चालणे किंवा जिमची सायकल घ्यावी. बर्पीसारख्या (हात जमिनीला टेकवून, पाय मागे टाकून पुन्हा उठत मारायच्या) उड्या तर धडधाकट नवख्यानेही नंतरसाठी ठेवाव्यात.

नाशिकमध्ये : गोल्फ क्लब मैदान आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते, मुले, ज्येष्ठ यांच्यामधून वेगात धावण्यापेक्षा गर्दी नसलेली वेळ गाठावी. पांडवलेणीच्या सुमारे दोनशे पायऱ्या चढाच्या फेऱ्यांसाठी उत्तम. चढताना ३०-४० सेकंद जोर, उतरताना सावकाश. मात्र उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून खरे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटते. पहिल्या खेपेला चार चढ पुरेत. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते, तेव्हा सायकलच बरी. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा थंड अंगाने वेग घेतला की पोटरी किंवा मांडीचा मागचा स्नायू भरतो. वॉर्म-अप पंधरा मिनिटांचा करावा. एप्रिल-मेमध्ये ऊन चढण्यापूर्वी आटोपावे. शहराची उंची सुमारे ६०० मीटर आहे, तेव्हा धाप लागण्याचा दोष तिला देता येणार नाही.

काय बिघडते : भरपेट खाऊन केल्यास उलटी होते, जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्यावेत, फार तर अर्धा तास आधी एखादे केळे. टप्पा संपताच खाली बसल्यास चक्कर येते, कारण पायांकडे गेलेले रक्त परत ढकलणारी पोटऱ्यांची हालचाल थांबते. म्हणून चालत राहावे. रोज करणाऱ्यांची झोप बिघडते, सकाळची नाडी नेहमीपेक्षा चढी राहते आणि वेग उतरतो. अशा वेळी आठवडाभर फक्त चालावे. सवय नसताना एका दमात शेकडो उठाबशा मारल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फाटून त्यांतले प्रथिन मूत्रपिंडात उतरत असते. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, चालताना छातीत दुखणे किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर जोराच्या व्यायामात आधी चढून काही तासांनी, कधी रात्री झोपेत, उतरू शकते. त्या रात्री झोपण्यापूर्वी ती तपासावी. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणाऱ्या) गोळ्या चालू असलेल्यांची नाडी नेहमीइतकी वर जात नाही, त्यामुळे वरचे आकडे त्यांना लागू पडत नाहीत. त्यांनी दमावरूनच जोर ठरवावा.