गोळी स्वस्त, हेलपाटा महाग

लिथियम म्हटलं की आता मोबाईलची बॅटरी आठवते. पण याच मूलद्रव्याचे क्षार बायपोलर आजारावरचं जुनं आणि आजही भरवशाचं औषध आहेत. या दुखण्यात मन काही काळ उधाणलेलं असतं आणि काही काळ पार बसलेलं. १९४९ मध्ये जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी लिथियमचा हा गुण प्रसिद्ध केला. औषध जुनं, त्यामुळे गोळी स्वस्त. तरीही कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या भट्टीसमोर उभं राहणाऱ्या कामगाराला ती निर्धास्तपणे घेता येईलच असं नाही. त्याचं कारण मूत्रपिंडात आहे.

मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम यांत फारसा भेद करत नाही. भट्टीच्या धगीत घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की शरीर उरलेलं सोडियम धरून ठेवू लागतं आणि त्याच्यासोबत लिथियमही मागे राहतं. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातली पातळी चढते. वरून कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतली, तर ती आणखी चढते. उपयोगी पातळी साधारण लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल आणि १.५च्या पुढे विषबाधेची भीती. म्हणजे हे अंतर अगदी निमुळतं. पातळी वाढली की हात थरथरतात, उलट्या होतात, चाल लटपटते, बोलणं जड होतं. कामावर अशा माणसाला लोक ‘दारू पिऊन आला’ म्हणतात आणि घरी पाठवतात.

यावर उपाय सोपा आहे. ठरावीक काळाने रक्त तपासायचं, तेही शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी, म्हणजे सकाळी. पहिल्या पाळीच्या माणसाला सकाळी लॅबमध्ये जायचं तर पाळी बुडते. ऑफिसात बसणाऱ्याला हाच आजार झाला तर तो एसीत बसून घाम न गाळता गोळी घेतो आणि तपासणी उरकून अकराला कामावर हजर होतो. लिथियम दोघांच्या मेंदूत एकच काम करतं. फरक पडतो तो घामात आणि हजेरीत.

मानसिक आरोग्यातल्या विषमतेची चर्चा होते तेव्हा दोन गोष्टी हमखास निघतात: मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत आणि लोकांना लाज वाटते. दोन्ही खऱ्या. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (महाराष्ट्र त्यात नव्हता). शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना त्या घडीला कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि आजारागणिक त्यातले ७० ते ९२ टक्के उपचारांबाहेर होते. पण माझ्या मते लाजेवर आपण गरजेपेक्षा जास्त बिल फाडतो. लाज सोडून आलेला माणूस तिसऱ्या महिन्यात गळतो, तो का, हा प्रश्न कमी विचारला जातो.

डिप्रेशनच्या गोळ्यांचंच बघा. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मळमळ, झोपेचा घोळ, अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात. म्हणजे सुरुवातीला औषधाने त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि नेमकं तेव्हाच धीर द्यायला, डोस बदलायला कुणी जवळ हवं असतं. पुढे बरं वाटू लागलं तरी गोळी किमान सहा महिने तरी चालू ठेवावी लागते, नाहीतर दुखणं उलटतं. एकदम बंद केली तर चक्कर, झिणझिण्या, चिडचिड. हे सगळं नीट पार पाडायचं तर गगनबावड्याकडच्या धनगरवाड्यावरच्या बाईने उतरून यायचं, वडाप किंवा एसटी धरायची, पन्नास-पंचावन्न किलोमीटर कोल्हापूर गाठायचं, केसपेपर काढायचा, नंबर लावायचा, गोळ्या घ्यायच्या आणि शेवटची गाडी चुकवायची नाही. सोबत घरचं कुणीतरी, म्हणजे दोन मजुऱ्या बुडाल्या. चंदगडकराला तर कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे. बेळगाव निम्म्याहून जवळ, पण राज्य दुसरं. आणि भरती करायची वेळ आली तर राज्यातलं सर्वांत जवळचं सरकारी मनोरुग्णालय आंबा घाट उतरून रत्नागिरीला. ओपीडीचा हेलपाटा तर दर महिन्याला. देवर्षी, म्हणजे देवाचं बघणारा भगत, मात्र गावातच असतो, संध्याकाळीही भेटतो आणि ऐकून घेतो. लोक त्याच्याकडे अडाणीपणाने जातात असं म्हणून आपण मोकळे होतो. त्याचं वेळापत्रक आपल्या ओपीडीपेक्षा सोयीचं आहे, हे कुणी बोलत नाही.

अंतर म्हणजे अन्याय, हे कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नको. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक दशकं आंदोलनं केली आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. त्या लढ्यातला मुख्य मुद्दा कायद्याचा नव्हताच. तारखेसाठी मुंबईला जाण्याचा खर्च गरीब पक्षकाराचा दावाच गिळतो, एवढाच होता. फॉलोअपची तारीखही तारीखच असते.

ऊसतोड टोळ्यांची अवस्था आणखी बिकट. हंगामात मराठवाड्यातून आलेली जोडपी शिरोळ-हातकणंगल्याच्या फडात महिनोन्‌महिने राहतात. उचल घेतलेली असते आणि एक दिवस गेलं नाही तर खाडा पडतो, मुकादम तो कापून घेतो. स्किझोफ्रेनियाची, म्हणजे भास आणि संशयाने मन ग्रासणाऱ्या आजाराची, फाईल गावी आणि माणूस इथे. अशा रुग्णासाठी विज्ञानाकडे एक चांगली सोय आहे. काही औषधं तेलात विरघळवून स्नायूत टोचतात, ती हळूहळू रक्तात उतरतात आणि महिनाभर पुरतात. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट हे त्यातलं जुनं इंजेक्शन. रोजची गोळी चुकण्याचा प्रश्नच मिटतो. प्रशिक्षण मिळालेली प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर ते देऊ शकते. अडचण एवढीच की औषध तिथे पोहोचलं पाहिजे आणि ते कुणासाठी आलंय हे तिला माहीत पाहिजे. याच्या उलट उदाहरण क्लोझापिनचं. इतर औषधांनी न हटणाऱ्या स्किझोफ्रेनियावर त्याच्याइतकं गुणकारी औषध नाही, पण क्वचित ते पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरवतं. म्हणून सुरुवातीचे सुमारे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं. लॅबपासून लांब राहणाऱ्याला डॉक्टर हे औषध लिहायलाच कचरतात. त्यात डॉक्टरांची चूक नाही. पण सर्वांत अवघड आजाराला सर्वांत चांगलं औषध कुणाला मिळणार, हे शेवटी पत्त्यावर ठरतं.

पुराचं वेगळं सांगायला हवं. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पंचावन्न फुटांच्या आसपास मजल मारली. छावणीत अन्न, कपडे, साथींची औषधं पोहोचली की मदत पोहोचली असं आपण धरतो. ज्याची मनाच्या गोळ्यांची पट्टी घरात बुडाली तो माणूस त्या गर्दीत गप्प बसतो आणि आठ-दहा दिवसांनी त्याची झोप उडते. छावणीच्या औषधपेटीत या गोळ्यांचा एक कप्पा असायला काय हरकत आहे?

आता गोळीपलीकडचं. डॉक्टर कमी म्हणून उपचार अशक्य, हे गोव्याच्या एका अभ्यासाने बरंच खोटं ठरवलं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेल्यांना स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत मदत केली. हे समुपदेशक मानसोपचाराचं शिक्षण नसलेले साधे लोक होते, कामापुरतं प्रशिक्षण दिलेले. पद्धत सरळ होती. मन बसलं की माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की आनंदाचे प्रसंग कमी होतात, मग मन आणखी बसतं. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचं. उत्साह यायची वाट न बघता उद्या डेअरीला दूध घालायला स्वतः जायचं, परवा बहिणीकडे, आणि जाऊन आल्यावर कसं वाटलं ते टिपायचं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. नेहमीच्याच उपचारांत थोडी सुधारणा करून दिलेल्या दुसऱ्या गटात ३९ टक्के. हा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम प्रकल्पाने असंच गावपातळीवर काम केलं. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

हे वाचून कुणीतरी लगेच म्हणेल, मग आशाताईंना द्या हे काम. त्यांच्या तपासणी फॉर्ममध्ये मनाचे दोन प्रश्न आधीच आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, उदास किंवा हताश वाटतंय का. प्रश्न चांगले आहेत. पण ‘हो’ असं उत्तर आल्यावर पुढे कुणाकडे पाठवायचं ते माहीत नसेल, तर विचारणारीच अडचणीत येते. आणि तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या बायांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवणं, याला सामाजिक न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गोव्यातल्या समुपदेशकांचं हे एकच काम होतं आणि त्यांच्या कामावर तज्ज्ञांची नजर होती.

गरिबी आणि डिप्रेशन यांचं नातं दुहेरी आहे, हेही आता प्रयोगांनी बऱ्यापैकी पक्कं झालंय. एकाच समाजातल्या सर्वांत कमी उत्पन्नाच्या लोकांत डिप्रेशन आणि चिंतेचे आजार सर्वांत श्रीमंतांपेक्षा दीड ते तीन पट आढळतात. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना सरकारी रोख मदत सुरू झाली, तेव्हा तिथल्या आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचं संशोधकांना दिसलं. पैसे गोळीची जागा घेत नाहीत, पण सावकाराचा तगादा कमी झाला तर गोळीचं कामही हलकं होतं.

फोनवरची मदत हा हेलपाटा वाचवण्याचा एक मार्ग. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. अडलेल्या रात्री ती खरंच कामाची आहे. पण ज्या घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, तिथे नवऱ्याबद्दलच बोलायचं असेल तर बाई काय करणार?

आणि अंतराचा मुद्दा मी उगाच ताणतोय असं वाटत असेल, तर २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा बघा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवावं हे त्यातलं कलम बरंच गाजलं. ते पॉलिसी असलेल्यांच्या कामाचं. कलम १८ कमी गाजलं. उपचारांसाठी कुणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या ठिकाणाजवळ मिळावी, असं ते स्पष्ट सांगतं. दारिद्र्यरेषेखालच्यांना उपचार मोफत. आवश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं सरकारी दवाखान्यात कायम आणि फुकट असली पाहिजेत, आणि हे जिल्हा रुग्णालयापासून सुरू होत नाही, आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून सुरू होतं. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर रुग्ण जिल्ह्यातल्या दुसऱ्या केंद्रात उपचार घेऊ शकतो आणि तो खर्च सरकारने सोसायचा. तेव्हा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर ‘ही गोळी इथे नाही, कोल्हापूरला जा’ असं उत्तर मिळालं, तर ते लेखी मागावं. ग्रामसभेत मांडायला आणि वर अर्ज करायला तोच कागद लागतो.