मावशींच्या वाट्याचा धूर

काकांना लकवा मारल्यापासून बेळगावात शहापूरच्या आमच्या घरी त्यांना सांभाळायला एक मावशी येतात. सकाळी आठ ते रात्री आठ. अंग पुसणं, औषधं देणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं त्याच करतात. काकांचा डावा हात गेला, पण विडी उजव्या हातात होती, ती राहिली. जुलैत बेळगावचा पाऊस म्हणजे खिडक्या दिवसदिवस बंद. त्या खोलीत मावशींचा खोकला महिनाभर हटेना. "चुलीचं असंल की ओ," त्या म्हणायच्या. आम्हीही मान डोलावली. चूल त्यांच्या घरी, विडी आमच्या घरी. कुणावर ढकलायचं ते सोपं होतं.

चूल की विडी, हे तपासून पाहता येतं. चुलीच्या धुरात निकोटीन नसतं. तंबाखूच्या धुरातलं निकोटीन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं, आणि ते रक्तात, लाळेत, लघवीत सापडतं. स्वतः तंबाखू न खाणाऱ्या, न ओढणाऱ्या माणसात ते सापडलं तर ते बहुतेक दुसऱ्याच्या धुरातून आलेलं असतं. कोटिनिन निम्मं व्हायला साधारण सोळा तास लागतात. म्हणजे बारा तासांची ड्युटी संपवून मावशी घरी गेल्या, झोपल्या आणि सकाळी परत आल्या, तरी कालच्यातलं निम्म्याहून जास्त अजून अंगातच. त्यावर आजचं चढतं.

ओढणाऱ्यानं सोडलेला धूर आपल्याला दिसतो, म्हणून आपण त्यालाच भितो. खोलीत साठणाऱ्या धुरातला बहुतेक भाग मात्र दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकावरून निघतो. झुरका ओढताना टोक 900 अंशांच्या आसपास तापतं. नुसतं धुमसताना तापमान उतरतं, तंबाखू अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, कर्करोग आणणारी काही रसायनं जास्त प्रमाणात बाहेर पडतात. कण इतके बारीक की बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही लहान. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाडीचा असतो. असे कण खाली बसत नाहीत, तासन्‌तास तरंगत राहतात. वास गेला म्हणजे धूर गेला, असं नसतं.

2004 मध्ये इटलीत एक सोपा प्रयोग झाला. 60 घनमीटरच्या बंद गॅरेजमध्ये आधी डिझेल गाडीचं इंजिन अर्धा तास चालू ठेवलं. मग गॅरेज हवेशीर करून तिथे तीन सिगरेटी जळू दिल्या. सिगरेटींमुळे हवेत आलेले बारीक कण इंजिनाच्या जवळपास दहापट भरले. इंजिन नव्या धाटणीचं, कमी धुराचं होतं हे खरं. पण काकांची दहा बाय बारा फुटांची खोली 34 घनमीटरची, त्या गॅरेजच्या निम्म्याहून थोडी मोठी.

या धुरानं न ओढणाऱ्यांना कर्करोग होतो, हे मोठ्या पाहणीतून पुढे आलं 1981 साली. जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी नव्वद हजारांवर न ओढणाऱ्या बायकांची चौदा वर्षांची माहिती तपासली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. त्याच 1981 मध्ये आमच्या निपाणीला शेतकरी तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर बसले होते, आणि पोलिसांच्या गोळीबारात काही जण मेले. मावशींच्या आईचं आयुष्य तिथल्याच वखारीत गेलं. आमच्या भागात तंबाखूविरुद्ध बोलायचं म्हणजे घरच्याच माणसाची उणीदुणी काढल्यासारखं वाटतं, ते यामुळे.

पंखा लावला तर धूर जात नाही, खोलीभर फिरतो. उदबत्ती वास झाकते आणि स्वतःचे कण वर सोडते. एन-95 मास्क कण अडवतो, वायू नाही. शिवाय बारा तास तो लावून माणूस उचलून पाहा. शेजारच्या खोलीत ओढलं तरी धूर दाराखालून येतो. घरात ऑक्सिजनचं मशीन असेल तर प्रश्न नुसता धुराचा उरत नाही, सरळ आगीचा होतो.

कायदा आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून ऑफिस, हॉटेल, बसस्टँड अशा सगळ्या सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. पण आमच्या उंबऱ्याशी तो थांबतो. घर आमचं खाजगी, आणि मावशींचं तेच कामाचं ठिकाण. ऑफिसातल्या शिपायाला जे संरक्षण मिळतं ते त्यांना नाही, आणि तक्रार करावी तर काम जायची भीती. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या परिचारिकांच्या संघटनेनं घरोघरी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी सुचवलं आहे की त्या येण्याआधी तासभर तरी पेशंटनं ओढू नये. पावसाळ्यातल्या बंद खोलीला तासभर पुरणार नाही, पण अशी अट घालता येते हेच मला नवीन होतं.

आम्ही काय केलं? काकांना आधी मीच सांगायला गेलो आणि शिव्या खाऊन आलो. मग डॉक्टरांनी निकोटीनचे च्युइंगगम लिहून दिले. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या 1800-11-2356 या सरकारी मोफत क्विटलाइनवरही बोलणं झालं. विडी सुटली नाही, दिवसाला पाचांवर आली. ती खोलीत नाही, परसात. धाकटा भाऊ सहाला उठून व्हीलचेअर मागच्या पडवीत नेतो, दार लावून घेतो. खोलीच्या दोन्ही खिडक्या तेव्हा उघड्या. पाऊस आत आला तर फरशी पुसायची. उरलेल्या विड्या मावशी गेल्यावर. चादरी-पडदे धुतले, कारण कपड्यांना, भिंतींना चिकटलेलं निकोटीनही नंतर हवेत उतरत राहतं.

परवा सकाळी काकांनी घड्याळाकडे बघून काडेपेटी उशीखाली ढकलली. पावणेआठ झाले होते. "ती येईल आता," म्हणाले.