नंबर कोणाचा आणि विमान कोणाचं? पार्टनर फ्लाइटवरचे मैल

लिस्बन नाहीतर लंडनला पोरांकडे जाणारे आपल्या गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत गावोगावी आहेत, आणि हल्ली बहुतेकांकडे कुठल्यातरी एअरलाइनच्या प्रोग्रामचं कार्ड पण असतं, ज्यावर प्रवासाचे मैल, म्हणजे एक प्रकारचे पॉइंट, जमा होतात. तरी परत येऊन अकाउंट उघडलं की मैल एकतर आलेलेच नसतात, नाहीतर अगदीच थोडे आलेले असतात. मग लोक म्हणतात, अहो पण ती तर पार्टनर एअरलाइन होती ना!

होती, पण नुसतं तेवढं बघून भागत नाही. एका तिकिटावर दोन कंपन्या असू शकतात, एक जिचा फ्लाइट नंबर छापलाय ती आणि दुसरी जिचं विमान, जिचे पायलट. पाटी एकाची, गाडी दुसऱ्याची. यालाच कोडशेअर म्हणतात, आणि विमान कोणाचं हे तिकिटावर बारीक अक्षरात 'ऑपरेटेड बाय' पुढे लिहिलेलं असतं, ते कोणी वाचतच नाही.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये, म्हणजे एकमेकांच्या फ्लाइटवर मैल देणाऱ्या एअरलाइन्सच्या गटात, आहे, पण एअर इंडिया एक्सप्रेस त्या अलायन्सची मेंबर नाही. आता समजा मोपाहून निघताना पहिल्या फ्लाइटचा नंबर 'एआय'ने सुरू होतोय पण विमान एक्सप्रेसचं आहे, आणि तुम्ही कार्ड दिलंय लुफ्थान्साचं किंवा सिंगापूर एअरलाइन्सचं, तर त्या तुकड्याचे मैल साधारणपणे मिळत नाहीत, कारण स्टारवाले मुख्यतः विमान कोणाचं ते बघतात. पुढे मुंबई-फ्रँकफर्टला नंबर एआयचा असला तरी विमान लुफ्थान्साचं असेल तर हिशोब तुमच्या प्रोग्रामने लुफ्थान्सासाठी ठेवलेल्या मैलांच्या तक्त्याने होतो. म्हणजे एकाच तिकिटात दोन न्याय! सगळे प्रोग्राम असेच चालतात असंही नाही, काही जण नंबर धरतात, काहींना नंबर आणि विमान दोन्ही पार्टनरचं लागतं. कुठला नियम लागू होणार हे तुम्ही ज्याचं कार्ड देता तो प्रोग्राम ठरवतो, विमान उडवणारी कंपनी नाही, म्हणून काउंटरवरच्या पोरीला विचारून उपयोग नसतो, तिला तुमच्या प्रोग्रामचा तक्ता माहीत असायचं कारणच नाही.

आणि कंपनी बरोबर निघाली तरी बुकिंग क्लासचं, म्हणजे तिकीट कुठल्या प्रकारच्या भाड्याचं आहे ते सांगणारं, अक्षर राहतंच. इकॉनॉमी म्हणजे एकच क्लास नाही, त्यात वाय, एम, के, टी अशी बरीच अक्षरं असतात, शेजारी शेजारी बसलेल्या दोघांची अक्षरं वेगळी असू शकतात. पार्टनर फ्लाइटवर बरेच प्रोग्राम अंतर गुणिले त्या अक्षराचा टक्का असं करतात. मुंबई-फ्रँकफर्ट साधारण ४,००० मैल धरा, अक्षराला १०० टक्के असतील तर ४,०००, २५ टक्के असतील तर फक्त १,०००, आणि काही अक्षरांना शून्य. शिपवर कामाला जाणाऱ्यांनी तर हे आवर्जून बघावं, कारण कंपनी जी मरीन फेअरची तिकिटं काढते ती पुष्कळदा कमी टक्क्याच्या क्लासमध्ये असतात. मला हे खटकतं, वर्षातून एवढा प्रवास करणाऱ्यालाच सगळ्यात कमी आणि त्याला आधी कोणी सांगत पण नाही.

तेव्हा तिकीट काढतानाच एजंटकडून तीन गोष्टी लिहून घ्या, नंबर कोणाचा, विमान कोणाचं, अक्षर कुठलं, आणि आपल्या प्रोग्रामच्या साइटवर त्या पार्टनरचं पान उघडून ताडून बघा. म्हापशाचा असो की मडगावचा, एजंटला हे सगळं त्याच्या स्क्रीनवर दिसतं, विचारायला लाजू नका. बोर्डिंग पास मैल जमा होईपर्यंत टाकू नका, मोबाइलवरचा असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, कारण न आलेल्या मैलांसाठी क्लेम करताना तो आणि १३ आकडी तिकीट नंबर मागतात, आणि क्लेमला मुदत असते, प्रत्येक प्रोग्रामची वेगळी.