खर्जाला घर लागतं

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने लातूरला आपल्या थारमध्ये वूफर, म्हणजे खर्जाचा (बेसचा) मोठा स्पीकर, बसवून घेतला. गाडी कापडी हूडची. दुकानापुढे पत्र्याच्या टपाची एक गाडी नमुन्याला उभी होती. तिच्या काचा वर करून त्याने तोच वूफर ऐकला होता आणि तिथे छातीत धडकी भरत होती. स्वतःच्या गाडीत बसवून औशाच्या रस्त्याला लागला, साठचा वेग धरला आणि बेस गायब. संध्याकाळी तोंड पाडूनच घरी आला. "मामा, वॅट कमी पडायलेत. तीनशेचा अ‍ॅम्प्लिफायर काढून सहाशेचा टाकावा म्हणतो."

मी म्हटलं, अरे, आठ दिवस थांब. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवताना मुलांची जी एक समजूत खोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, ती हीच होती: आवाज म्हणजे वॅट. त्याचा बेस हरवला होता तो हूडमध्ये, खोक्यामध्ये आणि थोडाफार बॅटरीपासून मागे आलेल्या वायरमध्ये.

खर्ज कसा तयार होतो हे बघायला आपल्याकडे प्रयोगशाळा लागत नाही. गावात सप्ताह बसला की पखवाजी आधी कणीक मागवतो. ओली कणीक डाव्या पुडीवर थापतो, बोटाने टिचकी मारून बघतो, पुन्हा थोडी लावतो. पुडी तीच, ताण तोच. वजन वाढलं म्हणून ती सावकाश हलते आणि नाद खाली उतरतो. (आपल्या तालवाद्यांच्या पुडीवर मधोमध भार का असतो, याचं शास्त्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 सालीच मांडलं होतं. प्रकाशाच्या संशोधनामुळे त्यांचं हे काम झाकलं गेलं, याची मला नेहमी खंत वाटते.) वूफरचा पडदाही असाच मुद्दाम जड ठेवलेला असतो. दाराच्या स्पीकरचा हलणारा भाग 10-15 ग्रॅमचा, तर दहा इंची वूफरचा शंभर-दीडशे ग्रॅमचा.

पण नुसतं सावकाश हलून भागत नाही, भरपूर हवाही ढकलावी लागते. 80 हर्ट्झचा म्हणजे सेकंदाला 80 कंपनांचा आवाज जितक्या जोराने काढला, तितक्याच जोराने 40 हर्ट्झचा काढायचा तर पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. 20 हर्ट्झला सोळा पट. त्यात आपला कान खर्जाच्या बाबतीत मंद. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्ये कानाची ही वृत्ती मोजून दाखवली. 1000 हर्ट्झची शिट्टी जेमतेम ऐकू येते, त्या पातळीपेक्षा 40 हर्ट्झचा नाद सुमारे 50 डेसिबलने वर न्यावा लागतो, तेव्हा कुठे तो जेमतेम ऐकू येतो. 50 डेसिबल म्हणजे तीव्रतेत एक लाख पट. आता यात चिखलात चालणाऱ्या जाड नक्षीच्या टायरांचा घोंगाट मिळवा, हूडची फडफड मिळवा. हे सगळे आवाज खालच्याच पट्टीतले. ते बेसवर पांघरुणासारखे पसरतात, आणि वरच्या पट्टीतली झांज मात्र त्यातून वाट काढत ऐकू येत राहते.

तरीही बंद गाडीत छोटा वूफर एवढा दणका कसा देतो? यातली गंमत मला आजही नवी वाटते.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, तिथे कोणी एक स्वर लावला की तो भिंतीवर, छताच्या दगडी फासळ्यांवर आपटून परत येतो आणि घुमत राहतो. लाटेला तिथे धावायला जागा आहे. गाडीत ती नाही. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, आपल्या मे महिन्यातल्या 42 अंशांत 357 च्या आसपास. 40 हर्ट्झची एक लाट म्हणजे साडेआठ-नऊ मीटर लांब. तीन दारांची थार बंपरपासून बंपरपर्यंत चार मीटरच्या आत, आणि आतली पोकळी अडीच मीटरच धरा. अर्धी लाटसुद्धा मावत नाही. मग साधारण 70 हर्ट्झच्या खाली लाट धावणं हा प्रकारच उरत नाही. वूफरचा पडदा पुढे आला की आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वाढतो, मागे गेला की एकदम उतरतो. तुम्ही जणू सायकलच्या पंपात बसलेले असता. आणि पंपात दाब चढतो तो किती हवा ढकलली यावर, किती वेगाने ढकलली यावर नाही; खाली उतरताना बाहेर लागते तशी चौपट हवा इथे लागत नाही. त्यामुळे सप्तक जसजसं खाली जातं, तसतशी बंद केबिन बेसला स्वतःहून उचलून धरते. गणिताने एका सप्तकाला, म्हणजे कंपनं निम्मी झाली की, 12 डेसिबलपर्यंत. प्रत्यक्षात पत्रा हलतो, फटी असतात, म्हणून त्याहून कमी.

पंपाला भोक पडलं तर? कापडी हूडच्या गाडीत तेच होतं. झिपच्या कडांतून हवा निसटते, आणि खुद्द कापडच दाबाबरोबर फुगतं आणि आत बसतं. दुकानातल्या गाडीला केबिनने फुकट दिलेला बेस भाच्याच्या गाडीत कापडातून बाहेर जात होता. समजा यात 12 डेसिबल गेले. वॅट दुप्पट केले की हाती लागतात फक्त 3 डेसिबल. मग 12 भरून काढायला सोळा पट वॅट हवेत: तीनशेचे अठ्ठेचाळीसशे. सहाशेच्या अ‍ॅम्पने त्याचे पैसे गेले असते आणि बेस तिथेच राहिला असता.

म्हणून आम्ही खोक्याकडे वळलो. वूफरचा पडदा पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ करतो. खोकं नसेल तर पुढची दाबलेली हवा कडेने वळसा घालून मागची पोकळी भरते आणि बेस जागच्या जागी विरतो. खर्जाला घर लागतं ते यासाठी. दुकानदाराने दिलेलं खोकं पूर्ण बंद प्रकारचं होतं, आत जवळपास 20 लिटर हवा, म्हणजे पिण्याच्या पाण्याचा जार असतो तेवढी. ते पातळ फळीचं होतं. मी कागदावर हिशेब मांडून भाच्याला दाखवला. दहा इंची पडदा एक सेंटिमीटर आत आला तर साधारण 350 मिलिलिटर हवा दाबली जाते. 20 लिटरच्या बंद खोक्यात तेवढ्याने दाब असा वाढतो, की एक फूट बाय सव्वा फुटाच्या फळीवर सुमारे 30 किलोचा रेटा येतो. पडदा बाहेर गेला की तेवढीच ओढ. सेकंदाला चाळीस वेळा. पातळ फळी अशा वेळी स्वतःच स्पीकर होते आणि वूफरशी भांडते.

बंद खोक्याचा बेस आटोपशीर असतो; पत्र्याच्या टपाच्या गाडीत मी तेच घे म्हटलं असतं. तिथे खोकं खालच्या सुरांना जेवढं सोडतं, जवळजवळ तेवढंच केबिन उचलतं. हूडच्या गाडीत उचलायला कोणी नाही. म्हणून आम्ही नळी असलेलं मोठं खोकं करून घेतलं. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात हुंकारते, तसंच हे. नळीतली हवा वजनासारखी आणि खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते. दोन्ही मिळून एका सुराला जोरात साथ देतात. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात अशाच पोकळ गोळ्यांनी आवाजातले सूर वेगळे काढले होते. आमचा सूर आम्ही 38 हर्ट्झच्या जवळ धरला. तुमचा वूफर कुठला आहे त्यावर तो ठरतो; कंपनीच्या कागदावर पडद्याचे आकडे दिलेले असतात, त्यावरून सुताराला माप द्यावं, अंदाजाने नाही. एक धोका मात्र ध्यानात ठेवावा लागतो. या सुराच्या खाली घागर साथ सोडते आणि पडदा मोकाट हलू लागतो. अ‍ॅम्पवर अगदी खालचे सूर तोडणारी चाळणी असते, ती 30 हर्ट्झच्या आसपास लावली नाही तर कॉइल, म्हणजे पडदा हलवणारं तारेचं वेटोळं, एखाद्या गाण्यातच निकामी होऊ शकते.

खोकं मागची सीट घडी करून ठेवलं. मागे कोणी बसत नाही, असं भाचा म्हणाला. वूफर कुठेही ठेवला तरी बेस कुठून येतोय हे कानाला कळत नाही, कारण 80 हर्ट्झच्या खालच्या लाटेपुढे आपलं डोकं अगदीच लहान. दोन्ही कानांना ती जवळजवळ सारखीच लागते. त्यामुळे जागा निवडताना आवाजाचा विचार नंतर, बांधणीचा आधी.

कारण ही गाडी बालाघाटच्या दगडाधोंड्यांत जाणार. खोकं, चुंबक, वूफर मिळून वीसेक किलो. दुकानात आधीचं खोकं दोन पत्र्याच्या स्क्रूवर धरलेलं होतं. हे बघून मला खरंच राग आला. जोराच्या धडकेत गाडी थांबते तेव्हा वीस किलोची वस्तू क्षणभर काही शे किलोंसारखी वागते, आणि तिच्यापुढे माणसाची मान असते. आम्ही तळातून आरपार आठ एमएमचे चार बोल्ट घेतले, खाली रुंद पट्टीचे वॉशर, वर नायलॉन अडकवलेले नट, म्हणजे हादऱ्याने सुटत नाहीत. भोक पाडण्याआधी गाडीखाली आडवं होऊन ब्रेकचा पाइप आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते बघितलं. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी, पाणी लागलं की पोळीसारखं फुगतं. पावसाळ्यात मांजरा-तेरणेच्या काठाने फिरणाऱ्या गाडीत त्याचा उपयोग नाही. 18 एमएमचं वॉटरप्रूफ प्लाय आणि वरून रंग.

आता वायर. इथे चूक झाली तर फक्त बेस जात नाही, गाडी जळते, म्हणून थोडं थांबून सांगतो. घरात पॉवर पॉइंटला आपण अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) वायर ओढतो आणि तिच्यावर तीन हजार वॅटचा गीझर चालतो. त्यामुळे तीनशे वॅटच्या अ‍ॅम्पला ती सहज पुरेल असं वाटतं. पण घरी 230 व्होल्ट असतात, तेरा अँपिअरमध्ये काम भागतं. गाडीत 12-13 व्होल्टच. अ‍ॅम्प स्वतः थोडी वीज खातो ते धरून तीनशे वॅटला 28 अँपिअरच्या आसपास लागतात. बॅटरीपासून मागेपर्यंत पाच मीटर अडीच एमएमचं तांबं टाकलं, तर वाटेतच जवळपास एक व्होल्ट गळतो आणि पूर्ण जोरावर त्या वायरीत 27 वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची काडी साधारण 25 वॅटची असते. ती तुम्ही कार्पेटखाली लावून ठेवली आहे, असं समजा. 16 एमएमची वायर टाकली की तीच उष्णता चार वॅटवर येते. वायर घेताना टोक खरवडून बघा. वरून तांबडी आणि आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अ‍ॅम्पला वाचवायला असतो असा सार्वत्रिक गैरसमज आहे. तो वायरीला वाचवतो. इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून वायर आत येते तिथे रबरी बूच घालावंच लागतं. खडकाळ रस्त्यावर पत्र्याची कड रोज थोडं थोडं आवरण कापत असते, आणि एक दिवस उघडं तांबं बॉडीला टेकतं. फ्यूज मागे अ‍ॅम्पजवळ असेल, तर त्या क्षणी मधे काहीच नसतं. अर्थिंगची जागा रंग खरवडून चकचकीत करावी, आणि सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीपासून गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी, म्हणजे इंजिनाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून येत नाही.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचाही हिशेब धरावा लागतो. वूफरला दिलेल्या शंभर वॅटपैकी एक वॅटसुद्धा आवाज होत नाही. बाकी सगळं कॉइलची उष्णता. तांबं शंभर अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो आणि वूफर आपोआप मंदावतो. दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत कॉइल आधीच तापलेली असते, म्हणून पहिली दहा मिनिटं आवाज कमी ठेवावा. दुसरा शत्रू आपली काळी माती. वाळली की तिचं पीठ होतं. कॉइल ज्या फटीत हलते ती जेमतेम मिलिमीटरभर. तिथे ही भुकटी शिरली की खरखर सुरू होते. वूफरवर कापडी जाळी आणि नळीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवून टाकली. तारेची जाळी उंदरांसाठीही. शेतात उभ्या राहणाऱ्या गाडीतला उंदीर असं तयार घर सोडत नाही.

एक गोष्ट मी त्याच्याकडून कबूल करून घेतली. जोरात वाजणारा खालचा सूर वरच्या सुरांना झाकतो, उलट सहसा होत नाही. म्हणजे बेस वाढवला की मागच्या ट्रकचा हॉर्न हरवतो. मांजरसुंब्याच्या घाटात वूफर बंद. आणि कापडी हूडची गाडी म्हणजे गावाला ऐकवणारी गाडी. तिच्यातून निसटलेला बेस विटांच्या भिंतीतूनही आत जातो. निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, हा 2000 सालचा नियम. लग्नाच्या डीजेपुढे उभ्या राहिलेल्या पोरांचे कान दुसऱ्या दिवशी वाजताना मी वर्गात पाहिले आहेत.

काम संपलं त्या दिवशी अ‍ॅम्प तीनशेचाच होता. त्याने मोबाइलवर कुठल्यातरी सप्ताहातल्या भजनाचं रेकॉर्डिंग लावलं. औशाच्या रस्त्याला साठच्या वेगात झांजा होत्या, टायर होते, हूडची फडफड होती, आणि त्या सगळ्याच्या खाली डाव्या पुडीवरचा हात स्पष्ट पडत होता. भाचा काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने हात लांबवून आवाज दोन घरं कमी केला आणि म्हणाला, "मामा, कणीक लागली बघा."

दोनशे किलोमीटर झाल्यावर आम्ही बोल्ट पुन्हा आवळले. चारांतला एक अर्धा आटा सैल झाला होता.